गावात राहून नवे पुस्तक निवडावे कसे आणि मिळवावे कसे

ग्रंथालयातून पुस्तक घेताना मी मुखपृष्ठ नंतर पाहतो. आधी पुस्तक मिटून त्याच्या पानांची उघडी कड उजेडात धरतो. वाचणाऱ्यांच्या बोटांचा मळ त्या कडेवर साचतो आणि तो कुठवर पोचला आहे हे एका नजरेत कळते. चारशे पानांच्या कादंबरीची पहिली साठ पाने काळवंडलेली आणि पुढची पांढरी फटक असतील, तर ती पुष्कळांनी घरी नेली, पण कुणाच्याने पुढे रेटवली नाही, असे समजावे. मळ शेवटच्या पानापर्यंत सारखा पसरलेला असेल, तर लेखकाचे नाव न पाहताही ते पुस्तक खुशाल न्यावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाचे काम मी गेली एकोणीस वर्षे पाहतो आहे. वेचणीच्या दिवसांत परत आलेल्या पुस्तकांत कापसाचे तंतू निघतात आणि खुणेला घातलेली एसटीची तिकिटे तर बाराही महिने निघतात. तिकीट कोणत्या पानावर राहून गेले, हीसुद्धा एक समीक्षाच असते.

ही कसोटी मात्र जुन्या पुस्तकाला लागते. नुकत्याच आलेल्या पुस्तकाची कड कोरीच असते, आणि आपल्याकडे ते कोरे पुस्तकसुद्धा सहजी हाताला लागत नाही. तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणून जे असते तिथे शालेय पुस्तके, वह्या, पोलीस भरतीची मार्गदर्शके आणि पोथ्या मिळतात. नवी कादंबरी मागितली तर दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणतो आणि तीन फेऱ्यांनंतर आपणच तो विषय सोडून देतो. म्हणजे गावातल्या वाचकाला न पाहिलेल्या, न चाळलेल्या पुस्तकावर तीनचारशे रुपये लावायचे असतात. बियाण्याची पिशवी घेताना आपण जी सावधगिरी बाळगतो तीच येथे कामाला येते. वावरात ते बियाणे ज्याने लावून पाहिले त्याला विचारावे, पिशवीवरचा मजकूर वाचावा आणि जमल्यास आधी वावराच्या एका तासात, म्हणजे एका ओळीत, थोडे पेरून पाहावे.

विचारायचे कुणाला, हा पहिला प्रश्न. त्याआधी एक गोष्ट मान्य करून टाकलेली बरी. नवे पुस्तक आपल्यापर्यंत वर्षदीड वर्ष उशिरा पोचते आणि त्याची खंत करण्याचे काही कारण नाही. पुण्यामुंबईत प्रकाशन समारंभाच्या आठवड्यात ज्या पुस्तकाचा गाजावाजा होतो, त्यातली बरीच पुस्तके पुढच्या दिवाळीपर्यंत कुणाच्या बोलण्यातही उरत नाहीत. जी उरतात ती वाचावी. उशीर ही आपल्याला फुकटात मिळालेली चाळणी आहे. साहित्य अकादमीसारखी संस्थासुद्धा घाई करत नाही. तिच्या मुख्य पुरस्कारासाठी मागील काही वर्षांच्या ठरावीक कालखंडात प्रथम प्रसिद्ध झालेली पुस्तके विचारात घेतली जातात. २०२४च्या पुरस्कारासाठी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतली पुस्तके पात्र होती. नंदा खरे यांची ‘उद्या’ ही कादंबरी २०१४ साली आली आणि तिला पुरस्कार जाहीर झाला तो २०२० सालचा. नागपुरात जन्मलेल्या या लेखकाने तो स्वीकारला नाही, ही गोष्ट निराळी. पण सहा वर्षांनीही पुस्तक शिळे झालेले नव्हते, एवढे आपल्यापुरते पुरे आहे.

म्हणून नव्या ललित साहित्याची यादी करायला बसल्यावर मी साहित्य अकादमीच्या मागच्या पाचसहा वर्षांच्या मराठी मानकऱ्यांपासून सुरुवात करतो. यादी सगळी घ्यावी असे मात्र नाही. २०२४चा पुरस्कार सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथाला आहे, आणि ज्याने विंदांचे गद्य अजून वाचलेले नाही त्याने तिथून आरंभ करणे म्हणजे जेवणाआधी सुपारी खाण्यासारखे होईल. उलट २०२३चा मान मिळालेली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ मी कुणाच्याही हाती निःशंकपणे देतो. धरणात गाव गेले, माणसे दुसरीकडे वसली, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत जातो, एवढा तिचा पाया आहे. प्रदेश पन्हाळ्याकडचा, बोली तिकडची. पण वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणात ज्यांचे गाव गेले त्यांना त्यातले एक पानही परके वाटणार नाही. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षकांनी ती परत करताना फक्त एवढेच विचारले की, ‘हा माणूस भंडाऱ्याकडे कधी राहून गेला होता का?’

पस्तीस वर्षांच्या आतील लेखकांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार असतो आणि नव्या पिढीचा कानोसा घ्यायला तो मुख्य पुरस्कारापेक्षा अधिक उपयोगी पडतो. २०२४ साली तो देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला मिळाला. तयार कपड्यांच्या बाजारामुळे गावातल्या शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो, याची ती कथा आहे. पुस्तक छोटे आहे, वाक्ये साधी आहेत. ज्यांची वाचनाची सवय तुटली आहे त्यांना पुन्हा धरायला असे पुस्तक चांगले. आठशे पानांच्या महाकादंबरीने सुरुवात करणाऱ्याचे तिकीट बहुधा साठाव्या पानावरच सापडते.

राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचे वाङ्मय पुरस्कार ही दुसरी यादी. ती वाचकाच्या दृष्टीने अधिक सोयीची असते, कारण तिच्यात कादंबरी, कथा, चरित्र, इतिहास, विज्ञान असे प्रकारवार पुरस्कार असतात आणि लेखकाच्या पहिल्याच पुस्तकासाठी वेगळे गट असतात. शेती आणि पूरक व्यवसायांवरील लेखनालाही त्यात स्वतंत्र पुरस्कार आहे, तो पुसदच्या वसंतराव नाईकांच्या नावाने. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघही वर्धापनदिनाच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, पुरस्कार देतो. आपल्या भागातली नवी नावे तिथे आधी दिसतात. पुस्तकांच्या जगाचाच विचार करणारे ‘ललित’ हे मासिक १९६४पासून निघते आहे. ते आणि साने गुरुजींनी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक, एवढी दोन जरी वाचनालयात येत असली तरी नव्या पुस्तकांची बातमी गावात पोचते. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीतला परिचय वाचताना एक पाहावे: लिहिणाऱ्याने पुस्तकातली एखादी न पटलेली गोष्ट सांगितली आहे का. जिथे केवळ ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ आणि ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ एवढीच विशेषणे आहेत, तिथे परीक्षणकर्त्याने मलपृष्ठाच्या पलीकडे फारसे वाचलेले नसते.

मोबाइलवर मिनिटभराच्या चित्रफितींतून पुस्तके सुचवणारी तरुण मंडळी आता पुष्कळ आहेत. मी त्यांना नावे ठेवत नाही, कारण आमच्याकडे बारावीतल्या दोन मुली अशीच एक चित्रफीत पाहून पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढल्या. फक्त तीच ती दहा पुस्तके सगळ्यांच्या हातात फिरताना दिसू लागली, तर ती शिफारस राहत नाही, जाहिरात होते. ‘सर्वाधिक खपाचे’ हा शिक्का तर पुस्तकावर कुणीही छापू शकतो. किती प्रतींची आवृत्ती संपली हे सांगितलेले नसेल, तर पाचवी आवृत्ती म्हणजे किती पुस्तके, हे कळायला मार्ग नसतो. एक आवृत्ती हजार प्रतींची असू शकते आणि तीनशेंचीही.

आता पिशवीवरच्या मजकुराकडे येऊ. मुखपृष्ठ उलटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पानामागे बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते सहसा कुणी वाचत नाही, आणि फसवणूक टाळण्याची अर्धी साधने तिथेच असतात. पहिली आवृत्ती केव्हाची, आता हाती आहे ती नवी आवृत्ती आहे की नुसते पुनर्मुद्रण, हक्क कुणाकडे, मुद्रक कोण, आयएसबीएन आहे का, हे तिथे दिसते. आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक असतो आणि भारतातल्या पुस्तकांचा क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होतो. तो असला म्हणजे पुस्तक चांगले असे मुळीच नाही. पण तो कळला की नेमके तेच पुस्तक मागवता येते, एकाच नावाच्या दोन पुस्तकांत घोळ होत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी मोबाइलवर एक जाहिरात आली. थोरांच्या चरित्रांचा दहा पुस्तकांचा संच, सुंदर खोक्यासह, निम्म्या किमतीत. वाचनालयाच्या समितीला मीच भरीला घातले आणि अठराशे रुपये पाठवले. संच आला, खोके खरोखर सुंदर होते. आत शहाण्णव-शहाण्णव पानांची दहा पुस्तके, लेखकाच्या जागी ‘संपादक मंडळ’, प्रकाशनाचे वर्ष कुठेच नाही, आणि दोन वेगवेगळ्या थोरांच्या बालपणाचा परिच्छेद अक्षरशः एकच, केवळ नाव बदललेले. विक्रेत्याचा फोन नंतर कधी लागला नाही. समितीतल्या एका कास्तकाराने त्या बैठकीत एवढेच म्हटले, ‘भाऊ, पिशवीवर उगवणक्षमता लिहून नव्हती आन् तुम्ही पेरून मोकळे झाले.’ त्या दिवसापासून लेखक, वर्ष आणि आवृत्ती कळल्याशिवाय मी एक पैसाही पाठवत नाही.

अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत हे पान आणखी महत्त्वाचे. मराठीत आज कथेतर पुस्तकांचा मोठा खप अनुवादांचा आहे आणि दुकानात ‘नवे’ म्हणून जे समोर येते ते मुळात केव्हाचे आहे, हे मूळ प्रकाशनाच्या वर्षावरूनच समजते. मानवजातीच्या इतिहासावरचे ‘सेपियन्स’ मूळ हिब्रूत २०११ साली आले. त्यातली मांडणी आज वाचायला हरकत नाही, पण विज्ञानाबद्दलची विधाने त्या काळची आहेत हे लक्षात ठेवून वाचावे. पैसा कसा वाढवावा हे शिकवणारे ‘रिच डॅड पुअर डॅड’ तर १९९७चे आणि अमेरिकेतल्या घरांच्या बाजाराचा अनुभव सांगणारे. पीककर्जाचे नूतनीकरण आणि कृषी केंद्रातली उधारी ज्याच्या डोक्यावर आहे, त्याने त्यातून नेमके काय उचलावे, याचा विचार विकत घेण्यापूर्वी करावा. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर ठळक असेल तर तो मला शुभशकुन वाटतो. नाव आतही कुठे नसेल तर पुस्तक खाली ठेवावे, कारण हल्ली यंत्राकडून भाषांतर करवून घेऊन, वरवर हात फिरवून छापलेली पुस्तके बाजारात येऊ लागली आहेत. ती ओळखायला दोन पाने मोठ्याने वाचावीत. माणसे जशी बोलत नाहीत तशी वाक्ये कानाला लगेच टोचतात.

कथेतर पुस्तकांतही सगळ्यांना एकच माप लावू नये. आत्मचरित्राला मी पुरावे मागत नाही, केवळ लेखक स्वतःला किती सोडून देतो हे पाहतो. इतिहासाच्या पुस्तकाला मात्र मागे साधनांची यादी आणि जमल्यास सूची हवी. आरोग्याच्या पुस्तकात लेखकाचे शिक्षण काय आणि शेवटी कोणते औषध, चूर्ण किंवा शिबिर विकायला आहे, ते आधी बघावे. शेतीच्या पुस्तकात सर्वांत आधी वर्ष पाहावे. देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ साली आणि गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या पऱ्हाटीची धूळधाण केली २०१७ साली. त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या आणि नुसत्याच पुन्हा छापलेल्या कापसाच्या पुस्तकातला फवारणीचा तक्ता आज प्रमाण मानणे धोक्याचे आहे. त्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची दरवर्षी निघणारी ‘कृषी संवादिनी’ घ्यावी. तिला कुणी साहित्य म्हणणार नाही, पण आमच्याकडे परत यायला सर्वांत जास्त उशीर होणारे पुस्तक तेच आहे.

थोडे पेरून पाहण्याची युक्ती ललित पुस्तकांना विशेष लागू पडते. बहुतेक ई-पुस्तकांचा सुरुवातीचा भाग मोफत नमुना म्हणून वाचता येतो आणि पुस्तके विकणाऱ्या काही संकेतस्थळांवर पहिली पाने उघडी ठेवलेली असतात. ती दहाबारा पाने वाचल्याखेरीज कादंबरी मागवू नये. वाचताना कथानक कळले का हे महत्त्वाचे नाही. आपण पुढचे पान आपणहून उलटले की कर्तव्य म्हणून, तेवढे स्वतःला खरे सांगावे.

विदर्भातल्या खेड्यावर लिहिलेले पुस्तक असेल तर माझ्याकडे आणखी एक परीक्षा आहे आणि ती कठोर आहे. कापूस वेचणीची मजुरी लेखकाने किलोवर दाखवली आहे की रोजावर? सोयाबीन सोंगायचा (कापायचा) हुंडा, म्हणजे ठोक मजुरी, एकरावर ठरतो हे त्याला माहीत आहे का? त्याची माणसे ‘कायले’, ‘तुले’ म्हणतात ती हसवण्यासाठी, की त्यांना तसेच बोलता येते म्हणून? वऱ्हाडी म्हणजे विनोद, अशी समजूत रंगमंचावरून पुस्तकात शिरली आहे, आणि शेतकरी म्हणजे गळफास ही समजूत वर्तमानपत्रातून. ज्या कादंबरीत पहिल्या दहा पानांत दोर आणि झाड येते आणि कर्ज कुणाचे, किती, कशासाठी काढलेले हे शेवटपर्यंत येत नाही, ती मी पुढे वाचत नाही. बुलडाण्याच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती काही नवी नव्हे, पण या विषयावरचे कोणतेही नवे पुस्तक तिच्या शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे लेखकाने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून लिहिले आहे की तासात उतरून, याचा उलगडा होतो.

पुस्तक ठरले की मिळवण्याचा खटाटोप सुरू होतो. हातात घेऊन, चाळून, भाव करून पुस्तके घेण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी जागा म्हणजे अशोक विजयादशमीची दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ नागपुरात जमणारा समुदाय परतताना पिशव्या भरून पुस्तके नेतो, आणि हे दृश्य ज्याने पाहिले त्याला ‘खेड्यातली माणसे वाचत नाहीत’ हे वाक्य पुन्हा उच्चारता येणार नाही. शासनाने प्रसिद्ध केलेले डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड अत्यंत माफक किमतीत मिळतात, त्यासाठी रांगा असतात. पण नव्याच्या शोधात असलेल्याने छोट्या प्रकाशकांच्या टेबलांवर जास्त वेळ घालवावा. स्वतःच्या खर्चाने काढलेली आत्मकथने, गावाच्या चळवळीचे इतिहास, पहिलेवहिले कवितासंग्रह असे पुष्कळ साहित्य तिथे मिळते, जे कुठल्याही यादीत किंवा संकेतस्थळावर येत नाही. त्यातले काही कच्चे असते. पण दहा पाने उभ्याउभ्या वाचायला तिथे कुणी अडवत नाही. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनचा पैसाही थोडाफार हाती आलेला असतो. त्यातून पाचशे रुपये आधीच वेगळे काढून खिशात ठेवावेत, नाहीतर ते खताच्या उधारीत जातात.

जिल्ह्याजिल्ह्यांत शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाचा ग्रंथोत्सव भरतो, तिथेही सवलत मिळते. वर्ध्याकडे जाणे झाले तर पवनारच्या आश्रमात विनोबांचे साहित्य स्वस्तात मिळते, आणि गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध येथे आता ‘पुस्तकांचे गाव’ आहे. साताऱ्याच्या भिलारला २०१७ साली जी कल्पना सुरू झाली ती पुढे विदर्भात आली ती या गावी. तिथे पुस्तके विकत घ्यायची नसून बसून वाचायची असतात. जंगल आणि तलाव पाहायला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस जास्त धरावा.

टपालाने मागवताना शक्यतो चारपाच जणांची मागणी एकत्र करून थेट प्रकाशकाला फोन करावा. प्रकाशनपूर्व सवलत चालू असेल तर किंमत बरीच उतरते आणि पार्सलचा खर्च विभागला जातो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो लावलेला दिसला तर विचारणा करावी. शहरातला नातेवाईक वाचून झालेली पुस्तके पाठवणार असेल, तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा त्याला सांगावी. १ मे २०२५पासून सुरू झालेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, असा कर वगळून दर आहे. पार्सल सावकाश येते, पण आपल्याला घाई नाही हे वर मान्य केलेलेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाठवणाऱ्याला पुस्तके आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळायला बजावावे. ओल्या पार्सलातून निघालेली पाने इस्त्रीने वाळवण्याचा उद्योग मी एकदा केला आहे, आणि तो कुणी करू नये.

रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या गाजलेल्या पुस्तकांची छपाई पुसट, कागद कुबट आणि बांधणी पहिल्या वाचनात सुटणारी असेल, तर ती चोरटी प्रत असते. लेखकाला त्यातून काहीही मिळत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफची गत तीच. येथे एक भेद मात्र ध्यानात असावा. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षापासून साठ वर्षांनी हक्क संपतो. म्हणून १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे पुस्तक कुणीही छापू शकतो आणि कुणीही निर्धास्तपणे पाठवू शकतो, पण हयात लेखकाची कालपरवाची कादंबरी तशी पाठवणे ही चोरी ठरते. फुकट आणि कायदेशीर असे पुष्कळ उपलब्ध आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, मराठी विश्वकोश पूर्ण वाचता येतो. मोबाइलच्या पडद्यावर ज्यांचे डोळे दुखतात त्यांना श्राव्य पुस्तकांचा मार्ग मोकळा आहे. आमच्या शेजारच्या काकू कानात तार घालून वेचणी करतात. जी कादंबरी मला पंधरा रात्री पुरली, ती त्यांनी चार दिवसांच्या वेचणीत ऐकून संपवली आणि शेवट मला आधीच सांगून टाकला.

पैशांची अडचण असेल तर पुस्तकांची भिशी लावावी. आमच्याकडे बारा घरे दरमहा शंभर रुपये काढतात. बाराशेत तीनचार पुस्तके येतात, ती महिनाभर घरोघर फिरतात आणि मग चिठ्ठी निघेल त्याच्याकडे ती कायमची जातात. यात अट एकच ठेवली आहे: पुस्तक पुढच्या घरी देताना आत एक कागद ठेवायचा आणि आपण कुठवर वाचले तो पान क्रमांक त्यावर खरा लिहायचा. मत लिहायची सक्ती नाही. तीन महिन्यांत त्या कागदांवरून कुणाला काय रुचते हे इतके स्वच्छ दिसू लागले, की पुढच्या खरेदीवर वाद होईनासे झाले.

यानंतर उरते ते गावचे वाचनालय, ज्याच्याकडे बहुतेक वाचक फक्त वर्तमानपत्रापुरते पाहतात. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते. २०२२ साली त्यात साठ टक्के वाढ झाली, तरी ड वर्गाच्या गावच्या वाचनालयाचे वर्षाचे अनुदान तेव्हा पन्नास हजारांच्या आतच राहिले, आणि ग्रंथपालाचे मानधन, वीज, वर्तमानपत्रे जाऊन पुस्तकांच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा येतो. तो हिस्सा कशावर खर्च व्हावा हे वाचकाला सांगता येते, पण एकोणीस वर्षांत मला असे सांगायला आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कुणी मागत नाही म्हणून समितीही घाऊक विक्रेत्याने दिलेली यादी तशीच उचलते, आणि कपाटात कुणी न उघडलेल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांची भर पडते.

बहुतेक वाचनालयांत सूचना वही असते. नसेल तर मागून सुरू करून घ्यावी. तिच्यात ‘चांगली पुस्तके आणा’ असे लिहू नये. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि जमल्यास आयएसबीएन लिहावा, खाली आणखी दोघातिघांच्या सह्या घ्याव्यात. एका सहीची मागणी समितीच्या बैठकीत मागे पडते, चार सह्यांची वाचून दाखवावी लागते. खरेदी बहुतेक ठिकाणी आर्थिक वर्ष संपत आले की, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, घाईघाईने उरकली जाते. तेव्हा आपली मागणी जानेवारीच्या आत, संक्रांतीपूर्वीच वहीत उतरलेली असावी.